ट्रेबियानोला हिंगाची धुरी

“हे काय वाळत घातलंयस?” डेकचं जाळीचं दार सरकवत मनोहररावांनी विचारलं. “आणि वास कसला येतोय, हिंगाचा?”

“हिंगाचाच,” शुभाताई म्हणाल्या. “इनेसचं धाकटं पिंप आहे. काय घाण होती म्हणून सांगू! उकळतं पाणी ओतलं, सोडा घालून घासलं, मग चांगलं ऊन दाखवलं. आत्ता धुरी दिली. आज वर नेऊन ठेवते, मग उरलेली चार काढू. ती मोठी आहेत, तुम्ही लागाल मला.”

मनोहररावांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. तिथे लोणच्याच्या दोन चिनीमातीच्या बरण्या पालथ्या घातल्या होत्या आणि त्यांच्या रांगेत, पंगतीला परक्या घरचा पाहुणा बसावा तसं, तुतीच्या लाकडाचं ते लहानसं पिंप. त्यांनी ते उचलून उजेडाकडे धरलं. फळ्यांमधून फ्रीमाँटचं ऑगस्टमधलं ऊन आरपार आलं आणि त्यांच्या शर्टावर पट्टे उमटले.

“शुभा, हे पिंप राहिलं नाही. ही चाळणी झाली.”

“काहीतरीच! वाळलंय म्हणून. पाणी लागलं की फुगेल.”

“आतला माल कुठे आहे?”

“टाकीन का मी? पंच्याने गाळून काचेच्या बरण्यांत भरलाय. बरण्याही उकळून घेतल्यात.” आणि ज्या स्वरात त्या लॅबमधल्या मुलींना सुटी द्यायच्या त्याच स्वरात म्हणाल्या, “चहा घ्या, निवतोय.”

शुभा सबनीस कोण, हे फ्रीमाँटच्या मराठी मंडळात कुणाला सांगावं लागत नाही. गणपतीच्या स्वयंपाकात “काकडी कुणी चिरलीय?” असा प्रश्न आला की निम्म्या बायका हात पुसत बाहेर फोनवर बोलायला जातात. मूळच्या सांगलीच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभी नोकरी केली, शेवटी तिथल्या प्रमुख झाल्या. काम काय, तर काचेच्या बशीत काय वाढतंय ते ओळखायचं, आणि ज्या बशीत काही वाढायला नको तिथे वाढलं असेल तर कुणामुळे वाढलं तेही ओळखायचं. दुसऱ्या कामात त्यांना जास्त गती होती. त्यांच्या तोंडून ‘चुकलात’ ऐकलेली माणसं आमच्यात पुष्कळ आहेत. ‘चुकलं माझं’ ऐकलेलं एकही नाही, आणि त्यात मनोहररावही आले.

हे म्हणजे बाईंच्या नावे नुसताच खर्च मांडल्यासारखं झालं. जमेची बाजू अशी, की कुणाची प्रसूती असो, कुणाचा ले-ऑफ असो, सर्वांत आधी दारात डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या त्याच. डबा देतात, सिंकमधली भांडी घासतात, आणि जाताना तुमचा फ्रिज लावून देतात. मदत हवी तर फ्रिज उघडा पडणार, हे आम्ही धरूनच चालतो.

शेजारची इटालियन इनेस नव्वदीला टेकलेली, मोदेनाजवळच्या एका खेड्यातली. नाइल्स भागातल्या तिच्या जुन्या घरामागे एक मांडव आहे, आणि मांडवावर ट्रेबियानोचा वेल. ट्रेबियानो म्हणजे द्राक्षांमधला कारकून. दरवर्षी भरघोस येणार, पांढरा, पातळ, आंबटसर रस देणार, त्याची वाइन लोक जेवताना गुपचूप पिणार, आणि कौतुक दुसऱ्याच कुठल्यातरी द्राक्षाचं करणार. बाटलीवर नाव आलं तर आलं. पण इनेसच्या गावाकडे याच रसाला मंद आचेवर आटवतात, पिंपात घालतात, आणि वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवून देतात. उन्हाळ्यात तापायचं, हिवाळ्यात गारठायचं, आणि हळूहळू त्याचं काळं, दाट, आंबटगोड व्हिनेगर व्हायचं. मोठ्या पिंपातून मधल्यात, मधल्यातून लहानात असं दरवर्षी थोडं थोडं पुढे सरकवतात. सगळ्यात धाकट्या पिंपात जे पोचतं ते चमच्यानं वाढतात.

आणि घरात मुलगी जन्मली की तिच्या नावानं पिंपांची एक रांग लावायची, ती तिच्या लग्नात तिच्याबरोबर पाठवायची, असा तिकडचा रिवाज. इनेसच्या माळ्यावरची पाच पिंपं नातीच्या, जुलियानाच्या, नावची. जुलियानाचं लग्न ऑक्टोबरात ठरलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला इनेस अंगणातल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि ती व्यायाम करून घेणाऱ्या एका सेंटरमध्ये जाऊन पडली. जाताना घराची किल्ली शुभाताईंना दिली. “माळ्याची खिडकी दिवसा उघड, रात्री लाव,” एवढंच म्हणाली. शुभाताईंनी खिडकी उघडली. मग मागे वळून धाकट्या पिंपावरचं पांढरं फडकं उचललं. कडेला काळा चिकट थर, वर सायीसारखं काहीतरी, आणि एक मेलेलं चिलट. बिचारीला दिसत नसेल आता, शुभाताईंना वाटलं. लग्नात हे असलं द्यायचं?

त्यानंतर त्यांनी तेच केलं जे त्यांच्या आईनं, आजीनं आणि सांगलीतल्या प्रत्येक शहाण्या बाईनं मुरवणीच्या भांड्याचं केलं असतं. धुतलं, वाळवलं, निखाऱ्यावर हिंग टाकून वर पालथं घातलं.

डेकवरचा चहा निवला. मनोहररावांनी लॅपटॉप उघडून असल्या पिंपांची माहिती शोधली होती. ते निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, पंपांच्या कंपनीत होते. बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही हा निष्कर्ष त्यांनी फार पूर्वीच काढला होता, म्हणून ते वाचून दाखवायचे. या वेळी मात्र त्यांनी वाचून दाखवलं नाही. चष्मा काढला आणि पुसत बसले.

“काय म्हणतायत?” शुभाताईंनी विचारलं.

“धुवायचं नसतं.”

“कधीच?”

“कधीच. ते लाकूडच मुरलेलं असतं. त्यातच सगळं असतं.” मग त्यांना नेमका शब्द सापडला. “अगं, विरजण होतं ते. तू विरजणाचं भांडं घासून लख्ख केलंस.”

सांगलीच्या बाईला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. शुभाताईंनी पिंप मांडीवर घेतलं आणि आत नाक घातलं. हिंग. नुसता हिंग. उत्तम प्रतीचा, मुद्दाम मागवलेला, वर्षभर न जाणारा.

पिंपाच्या बुडाशी तापल्या सळईनं दोन अक्षरं डागलेली होती. ती आधी काळ्या थराखाली होती, घासल्यावर वर आली. इनेसच्या नवऱ्याची, आल्डोची. अंगणातलं तुतीचं झाड पडलं तेव्हा त्याच्या लाकडातून त्यानं हे पिंप स्वतः बांधलं होतं. आल्डो जाऊन बरीच वर्षं झाली.

संध्याकाळपर्यंत मनोहररावांनी बाथटबमध्ये पाणी भरून पिंप बुडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं तेव्हा लाकूड फुगून फटी मिटल्या होत्या. एक थेंब गळत नव्हता.

“बघा, म्हटलं होतं ना मी,” शुभाताई म्हणाल्या. पण त्यात जोर नव्हता.

त्याच वेळी गिरिजाचा फोन आला. त्यांची मुलगी पूर्व किनाऱ्यावर, कॅरी गावाला असते, फार्मा कंपनीत. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“आई, लिसन. लीक थांबलंय ना? मग गाळलेलं परत आत ओत आणि जागेवर ठेवून दे. दॅट्स इट.”

“वास?”

“अगं, बाकीच्या चारमध्ये वास नाहीये ना? ती आजी आता माळ्यावर चढणार नाही. आणि त्या मुलीला काय कळणारे? लग्नाच्या गडबडीत कोण स्निफ करत बसतं? नंतर कधी कळलं तर, एज झालंय, लाकूड जुनं, काहीही होऊ शकतं.”

“गिरिजा म्हणतेय त्यात तथ्य आहे,” मनोहरराव हळूच म्हणाले. “म्हातारीला या वयात कशाला धक्का? खुब्याचं हाड मोडलंय आधीच.”

शुभाताईंनी फोन ठेवला. ओट्यावर काचेच्या बरण्या ओळीनं होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचं सुवाच्य अक्षर. काम असं नीटनेटकं, की पाहणाऱ्यानं शाबासकी द्यावी.

“लॅबमध्ये एखादीनं प्लेट बिघडवली,” त्या म्हणाल्या, “आणि कुणाला न सांगता तिच्या जागी दुसरी ठेवली, तर मी काय करायचे?”

“घरी पाठवायचीस.”

“हं. गाडीची किल्ली द्या.”

“मी येऊ?”

“तुम्ही कशाला? धुतलं कुणी?”

सेंटरमध्ये इनेस खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. शुभाताई जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पिंप कडेवर घेऊन आत शिरल्या तेव्हा दारातली नर्स कौतुकानं बघायला आली, तिला वाटलं बाळ आहे. दोघींचं इंग्रजी दोन वेगळ्या मुलखांतलं. इतरांना त्या बोलताना कोडं पडायचं, त्यांना एकमेकींचं कधी अडलं नाही.

शुभाताईंनी टॉवेल सोडला. “इनेस, मी हे धुतलं.”

इनेसनं पिंपाकडे बघितलं, मग शुभाताईंकडे. “धुतलं म्हणजे?”

“उकळत्या पाण्यानं. सोड्यानं. मग उन्हात वाळवलं.” त्या थांबल्या. इथवर थांबता आलं असतं. “मग आत धूर दिला. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला देतात. मला वाटलं तुला दिसत नसेल म्हणून घाण राहिलीय. तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं माझं.”

इनेसनं पिंप ओढून घेतलं, तोंडाशी नाक नेलं. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग बोटांनी चाचपडत बुडाशी आली आणि आल्डोच्या अक्षरांवर थांबली.

“बाकीची?”

“हात लावलेला नाही. यात होतं ते सगळं गाळून ठेवलंय. एक थेंब सांडला नाही.”

“गाळून!” इनेस म्हणाली. त्यापुढे तिच्या भाषेत ती जे बोलली ते शुभाताईंना शब्दशः कळलं नाही आणि अर्थानं पूर्ण कळलं. शेवटी ती इंग्रजीवर आली. “घरी जा, शूबा. हे इथेच ठेव. तू जा.”

दुसऱ्या दिवशी शुभाताई नेहमीच्या वेळी डबा घेऊन हजर. इनेसनं तोंड फिरवलं. शुभाताईंनी डबा ठेवला, आदल्या दिवशीचे कपडे धुवायला घेतले, आणि निघाल्या. तिसऱ्या दिवशी तेच. पिंप पलंगाखाली होतं, आणि खोलीला हिंगाचा वास येतो अशी शेजारच्या पलंगावरच्या बाईची तक्रार होती. तिला इनेसनंच झापलं, “तुझ्या बाहेरख्याली नवऱ्याच्या सेंटपेक्षा बरा आहे.” हे ऐकूनही शुभाताई हसल्या नाहीत. आपण अजून हसण्याच्या यादीत नाही, एवढा हिशेब त्यांना कळत होता.

पुढच्या आठवड्यात केव्हातरी इनेस भिंतीकडे बघतच म्हणाली, “द्राक्षं पिवळी पडली?”

“पडायला लागलीत.”

“बी चावून बघितलंस? कच्चं लागतं?”

“बघते.”

“बघून सांग. मी सांगेन तेव्हा तोडायची. एक दिवस आधी नाही. आणि शूबा, धुवायची नाहीत.”

सप्टेंबरात मांडवाला शिडी लागली. मनोहरराव वर, शुभाताई खाली टोपली धरून. मंडळाचं मसालेभाताचं मोठं पातेलं अंगणातल्या शेगडीवर चढलं, त्यात ट्रेबियानोचा रस, आणि शेजारी खुर्चीवर टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये इनेस.

“आच कमी कर. उकळतंय.”

“उकळत नाहीये, हलतंय नुसतं.”

“मी इथून बघतेय ना? कमी कर! फेस काढ. आता ढवळतेस कशाला? ढवळू नको!”

“तळाला लागेल.”

“तुझ्या बापाचा गूळ आहे का हा?”

गुळाची उपमा तिला कुणी दिली होती हे उघड होतं. शुभाताईंच्या वडिलांकडे खरंच गुऱ्हाळ होतं, आणि रस आटून तांबूस झाला तेव्हा त्यांनी चमचाभर चाखला आणि म्हणाल्या, “काकवी. आमची काकवी, फक्त जरा शिकलेली.” मनोहररावांनी इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. झारा मात्र त्यांनी बायकोच्या हातून काढून स्वतःकडे ठेवला. तो मागण्यासाठी त्या दिवसभरात बाईंनी किती वेळा हात पुढे केला याची गणती आम्ही करत नाही. एवढंच सांगतो की झारा त्यांना मिळाला नाही आणि भांडणही झालं नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी जुलियाना पिकअप ट्रक घेऊन आली, बरोबर होणारा नवरा. तोपर्यंत एक गोष्ट पक्की झाली होती. इनेस परत या घरात राहायला येणार नव्हती. जिने तिच्याच्यानं होणार नव्हते. ती सॅक्रामेंटोला नातीकडे जाणार होती, आणि घर विकायला काढायचं ठरलं होतं. मांडव, वेल, सगळं नवीन माणसाचं.

पोरांनी चार पिंपं दोर लावून खाली आणली. इनेस गाडीत पुढच्या सीटवर बसून हुकूम सोडत होती.

“नोना, पाचवं कुठे आहे?” जुलियानानं विचारलं. “नोनोचं? आजोबांनी बांधलेलं ते?”

इनेसनं खिडकीची काच खाली केली होती. तिनं शुभाताईंकडे बघितलं. मनोहरराव नंतर सांगत होते, तिथे ‘सांगू नको’ म्हणणारं कुणी नव्हतं आणि ‘सांग’ म्हणणारंही नव्हतं.

शुभाताई आपल्या घरात गेल्या, सेंटरमधून आणून पुन्हा भिजवून ठेवलेलं पिंप आणि बरण्या घेऊन आल्या आणि पिंप मुलीच्या हातात दिलं. “हे मी बिघडवलं,” त्या म्हणाल्या. “धुतलं, वाळवलं, धूर दिला. तुझ्या आजीचा यात दोष नाही. आतलं होतं ते या बरण्यांत आहे, ते चांगलं आहे, घेऊन जा. पण पिंप गेलं. तुझ्या लग्नात पाच जायची होती, चार जातायत, ती माझ्यामुळे.”

जुलियानानं आत वाकून वास घेतला. तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. “हा तर तुमच्या किचनचा वास आहे,” ती म्हणाली. “समर व्हेकेशनमध्ये मी इथे यायचे तेव्हा कुंपणावरून यायचा. चालेल मला. मी हे असंच नेते.”

“ते नाही न्यायचं,” गाडीतून आवाज आला. “ते इथे राहील. ज्यानं धुतलं त्यानं भरावं.”

मग इनेसनं चारांपैकी चेरीच्या लाकडाच्या पिंपाचं तोंड उघडायला लावलं आणि त्यातलं एक पळी काळं व्हिनेगर धाकट्यात ओतवलं. बाकी या वर्षीचा आटवलेला रस. पळी शुभाताईंच्या हातात होती. एक थेंब सांडला नाही.

“किती वर्षं लागतील?” शुभाताईंनी विचारलं.

“बारा झाली की लोकांना चाखायला देता येतं. पंचवीस झाली की चांगलं होतं.”

“बारा वर्षांनी मी ऐंशीची.”

“मग जिना चढायची सवय ठेव.”

“आणि दरवर्षी वर रस घालायला द्राक्षं? वेल तर विकला.”

“नवीन माणूस येईल ना, त्याच्याकडे डबा घेऊन जा,” इनेस म्हणाली. “तुझ्या डब्याला कोण नाही म्हणतंय? फक्त त्याचा फ्रिज उघडू नको.”

शुभाताईंनी गाडीच्या खिडकीतून आत हात घातला आणि म्हातारीच्या अंगावरची शाल नीट केली. म्हातारीनं करू दिली. ट्रक निघाला, त्यामागे गाडी.

हे सगळं मनोहररावांनी मंडळात सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. शुभाताई? सगळ्यांसमोर? काही जणींनी दिवाळीच्या फराळाला मुद्दाम अनारसे बिघडवून बघितले. शुभाताईंनी पहिल्यासारखंच झापलं, तांदूळ किती दिवस भिजवले होतेत ते खणून काढलं. म्हणजे बाई ठणठणीत आहेत, याबद्दल कुणाला शंका नको.

इनेस दर रविवारी सकाळी फोन करते. शुभाताई फोन कानाला लावून आपल्या घराच्या माळ्यावर जातात. तिथे मखराची खोकी आहेत, गिरिजाची शाळेतली ट्रॉफी आहे, एसीचे पाइप आहेत, आणि खिडकीजवळ लाकडी पाटावर ते पिंप.

मागच्या रविवारी पाहुणे आले होते म्हणून मी आणि मनोहरराव खोकं उतरवायला त्यांच्या मागोमाग वर गेलो. फोन त्यांनी खिडकीच्या कडेला ठेवला होता, स्पीकरवर.

“काय वास येतो?” पलीकडून इनेसनं विचारलं.

फडक्यावर एक चिलट बसलं होतं. कडेला काळपट डाग पडायला लागला होता. शुभाताईंनी ते पाहिलं, हे मी पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट धरले, आणि कमरेत वाकल्या.

“हिंगाचाच,” त्या म्हणाल्या, आणि तशाच वाकून राहिल्या.